बहिणीच्या हातचं वाण

सन दोन हजार तेवीस. मी तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा होतो, म्हणजे शाळेच्या दाखल्याप्रमाणे. चौथीत शाळा सुटली तेव्हा मास्तरांनी अंदाजानं लिहून दिलेली तारीख मी आजवर वापरत आलो आहे. त्या साली अधिक महिना श्रावणात आला होता. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीनेक वर्षांनी एकदा येतो, आणि ज्या घरची लेक नुकतीच सासरी गेली असेल त्या घराला कामाला लावून जातो. जावयाला बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, ताटात तेहतीस अनारसे मांडून, दिवा लावून ते वाण त्याच्या हाती द्यायचं. अनारसाच लागतो, कारण त्याला जाळी असते. लाडू-पेढ्यानं भागत नाही.

माझी धाकटी लेक आदल्या साली एकोडीला दिली होती. तिचा हा पहिला धोंडा.

कोंढ्याच्या आमच्या घरात तेव्हा तिघंच होतो. मी, माझी सून आणि माझी धाकटी बहीण. मुलगा नागपूरला कंपनीत, सणावाराला येतो. बायको चार वर्षांपूर्वी वारली होती. बहीण विधवा. तिचं सासरचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, सरकारनं पवनीकडे नव्या वसाहतीत जागा दिली, तिथं दोन खोल्या बांधल्या आणि दुसऱ्याच साली तिचा नवरा गेला. मूलबाळ नाही. माझी बायको अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिला आठ दिवसांसाठी म्हणून घेऊन आलो. त्या आठ दिवसांची सहा वर्षं झाली. तिनं माझ्या बायकोचं हगणंमुतणं काढलं, धाकट्या लेकीच्या वेण्या घातल्या, सुनेचं दुखणंखुपणं पाहिलं. मी तिला राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी असाच आहे. जे चाललं आहे ते बोलून दाखवायची मला सवय नाही.

तिच्या हातच्या अनारशाबद्दल मात्र सांगितलंच पाहिजे. दिवाळीला आमच्या गल्लीतल्या बाया आपापल्या पिठाचा डबा घेऊन तिच्याकडे यायच्या. ती अंगठ्यानं पीठ दाबून पाहायची आणि सांगायची, "आज नोको. परवा." परवा म्हणजे परवाच. उद्या तळणारीचे अनारसे कढईत फुटायचे आणि मग ती बाई आठ दिवस हिच्या समोर यायची नाही. दिवाळीचे अनारसे तीच तळायची, सगळं गाव खायचं, कोणी काही म्हणत नव्हतं. पण वाण वेगळं. वाणाला सवाष्णीचाच हात लागतो. हे मी माझ्या आईच्या तोंडून ऐकलं होतं, तिनं तिच्या सासूच्या. खरं की खोटं, असं त्याच्याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

एक गोष्ट पाहिली होती. लेकीच्या लग्नात हळदीच्या वेळी बहिणीनं हळदीची वाटी उचलली. लेकीला तिनंच वाढवलं म्हटलं तरी चालेल, तिला वाटलं आपला हक्क आहे. तेवढ्यात विहीणबाई पुढे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, तुम्ही राहू द्या." रागानं नाही बोलल्या. त्यांचा मोठा मुलगा शेतातल्या मोटरपंपाचा शॉक लागून गेला होता. उरला तो हा एक, माझा जावई. त्या माउलीला मांजर आडवं गेलं तरी घाम फुटायचा. बहिणीनं वाटी खाली ठेवली आणि हात पदराला पुसला. तो पिवळा पदर घेऊनच ती दिवसभर वावरली. मी पाहिलं आणि मांडवाची दोरी ढिली आहे का ते बघायला गेलो.

तर धोंड्याचा महिना लागला. सून म्हणाली, "मामाजी, भंडाऱ्याच्या दुकानात तेहतीस मोजून डब्यात भरून भेटतात. वर कागद, फीत, सगळं. माह्या माहेरी आता तसेच देतात."

"तुह्या माहेरी देत असतीन," मी म्हटलं. "माह्या घरी धान पिकते. माह्या लेकीचं वाण दुकानातून येणार नाही."

"मले जमत नाही ना पण."

"जमवाचं."

बहीण तिथंच सुपात खसखस निवडत बसली होती. मी तिच्याकडे न पाहता म्हटलं, "आन तू याच्यात हात नोको घालू."

"हात नाही घालत," ती म्हणाली. "तोंड घातलं तं चालन का?"

सुनेला हसू आलं. मला नाही आलं.

"तांदूळ कोणता घेऊन राहिला?" बहिणीनं विचारलं.

"घरचा. उन्हाळीचा."

"मंग झालं. हसते तो."

अनारसा कढईत पडल्यावर पसरून विरघळला की आमच्या बाया म्हणतात, हसला. उन्हाळी धान आमच्याकडे वैशाख-ज्येष्ठात निघतं. म्हणजे तो तांदूळ फार तर दोन महिन्यांचा. नवा तांदूळ चिकट, भातालाही चिकट आणि अनारशाला तर विषच. अनारशाला जुना जाडा तांदूळ लागतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण पावसाळी धान मी सगळं विकून बसलो होतो आणि घरात होता तो हाच. बाहेरून तांदूळ आणणार नाही, हे तर मी दोघींसमोर बोलून गेलो होतो.

"माह्या डब्यात दोन सालाचा जाडा तांदूळ हाय," बहीण म्हणाली. "शेरभर घे."

"तुह्या डब्यातला नोको."

 मी पुढचं बोललो नाही, पण तिला कळलं. हात चालत नाही तर डबा तरी कसा चालेल, असं माझ्या डोक्यात होतं. तिनं सूप उचललं आणि परसात गेली.

सुनेनं उन्हाळीचा तांदूळ भिजत घातला. तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. पाऊस असा की कपडे वाळत नव्हते, तांदूळ कुठून वाळणार? माझ्या खाटेवर धोतर पसरून, पंखा लावून वाळवला. मी दोन दिवस जमिनीवर झोपलो. मग मिक्सरमधून काढला, चाळला, गूळ मिसळला, डब्यात दाबून ठेवला. हे सगळं चालू असताना बहीण तिथून येत होती, जात होती. एकदाही डब्यात डोकावली नाही. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू होता. मी सकाळी शेतातल्या बांधीवर जायचो, दुपारी चिखलाच्या पायानं आलो की आधी विचारायचो, "पीठ कसं हाय?" सून म्हणायची, "पिठासारखं हाय."

विहीणबाईंचा निरोप आला की गुरुवारी येतो. बुधवारी सकाळी मी बांधीवर गेलो नाही. कढई ठेवली, घरचं तूप ओतलं. सुनेनं पळसाच्या पानावर खसखस पसरली, पिठाची गोळी थापली आणि सोडली. तुपात गेल्या गेल्या ती पसरली, कडेनं सुटली आणि भुरभुर होऊन सगळ्या कढईभर झाली.

"आच कमी कर," मी म्हटलं.

दुसरा गेला. तोही तसाच. तिसऱ्यात तिनं तांदळाची पिठी मिसळली, तो दगडासारखा झाला आणि त्याला एकसुद्धा छिद्र पडलं नाही. चौथा, पाचवा. तूप काळं पडलं, तळाशी राड साचली. सातव्याला सुनेनं झारा आपटला आणि रडायला लागली.

"कायले रडून राहिली?"

"मंग काय करू? उद्या नणदेच्या सासरचे येतीन, मले विचारतीन. तुमाले कोण विचारणार हाय?"

बरोबर होतं तिचं. बहीण परसाच्या दारात, टिनाच्या छपराखाली, आमच्याकडे पाठ करून भाजी निवडत बसली होती. पाऊस तिच्या पायाजवळ पडत होता. मी दारात जाऊन उभा राहिलो.  तिनं मान वळवली नाही.

शेवटी मीच म्हटलं, "दुकानातून आणू का?"

आता हे विचारायला मला किती जड गेलं ते मी लिहू शकत नाही.

"आण," ती म्हणाली. "कापून घे नाक."

"मंग काय करू?"

"मले काय विचारतं? माहा हात तं चालत नाही."

"तुले माहीत हाय सगळं."

तेव्हा ती वळली. हातातली भाजी टोपलीत टाकली आणि म्हणाली, "दादा, एक सांग. तुही बायको मेली. तुहा हात चालते. उद्या जवायाचं ताट तू उचलशीन, कोणी काही म्हणणार नाही. माहा नवरा मेला तं माहा हात काहून नाही चालत? मी काय त्याले मारलं का?"

 मला राग आला. उत्तर नसलं की मला रागच येतो.

"ते पुराण सांगू नोको. करतं का नाही ते सांग."

"करतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बाया तसंच बोलतात, करतो, येतो. "पण माही एक अट हाय. उद्या तुही इहीण विचारन, कोणाच्या हातचे. बाईमाणूस विचारल्याशिवाय राहत नाही. तेव्हा तू सगळ्यांसमोर सांगजो, माह्या बहिणीनं केले म्हणून. चोरून नाही करणार मी. चोरी करून कोणी वाण देत नाही."

"सांगीन."

"शब्द दे."

"देला."

"मोठ्यानं म्हण, सून ऐकून राहिली."

"देला, देला!" मी ओरडलो.

ती उठली आणि आपल्या कोपऱ्यातून डबा घेऊन आली. झाकण काढलं तर आत पीठ तयार. जुन्या तांदळाचं, गूळ घातलेलं, तांबूस. 

"हे कवा केलं?"

"तू बांधीवर असतांनी. उखळात कांडलं. धोंडा लागला त्याच दिवशी भिजू घातला होता तांदूळ."

"काहून?"

"मी तुले वळखत नाही का?"

तिनं काळं तूप फेकून कढई राखेनं घासली. नवं तूप घातलं. पिठात केळाचा इवलासा तुकडा मळला. मग सुनेला जवळ बसवलं. "हे पाह्य. तूप धूर सोडते तोवर तापवाचं नाही. बोट ठेवता येत नाही, एवढंच." पळसाच्या पानावर खसखस, त्यावर गोळी, चार बोटांनी हलकं थापायचं, मधे पातळ, कडेला जाड. पान उचलून अनारसा खसखस वर ठेवून तुपात सोडायचा. उलटायचा नाही. झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं. ती तूप उडवायची तसतशी एक एक छिद्र उघडायचं, पावसाचे थेंब चिखलावर पडल्यासारखं. रंग आला की झाऱ्यावर घेऊन, थोडा तिरपा धरून तूप निथळवायचं आणि चाळणीत उभा ठेवायचा.

पहिला तिनं अग्नीला म्हणून चुलीत टाकला. दुसरा माझ्यापुढे धरला. "पाह्य."

मी तुकडा मोडला. कुरकुरीत, आतून मऊ. जिभेवर ठेवला तर मला माझी आई आठवली, आणि खरं सांगायचं तर आईचा इतका चांगला होत नसे.

"ठीक हाय," मी म्हटलं.

"ठीक हाय म्हणते," ती सुनेला म्हणाली. "याले देवानं सोन्याचं ताट देलं तरी म्हणन, ठीक हाय, जरा लहान हाय." दोघी हसल्या. त्या दुपारी घरात बरं वाटत होतं, हे कबूल करतो. बहीण सुनेला शिकवत होती, सून चुकत होती, हिच्या शिव्या खात होती. चाळीस अनारसे झाले. तेहतीस डब्यात ठेवले, उरलेले घरच्यांना.

गुरुवारी पहिल्या गाडीनं मुलगा आला. अकराच्या सुमारास जावई, लेक आणि विहीणबाई आल्या. जावई चांगला पोरगा आहे, बोलतो कमी. विहीणबाई मला इवाई म्हणतात, म्हणजे व्याही. दारातूनच म्हणाल्या, "इवाई, तुमी तं रोवण्यानं वाळून गेले. का सून जेवाले देत नाही?"

"देते," मी म्हटलं. "मीच खात नाही."

"मंग आज आमच्यासंगं खा. जवायाच्या निमित्तानं तुमचं पोट भरन."

मुलानं आणि सुनेनं जावयाचे पाय धुतले, कुंकू लावलं, ताट दिलं. तेहतीस अनारसे, मधे दिवा. ताट इतकं देखणं दिसत होतं की विहीणबाई पुढे सरकून बसल्या. बहीण सयपाकखोलीत होती. मी बसलो होतो तिथून मला त्या खोलीचा उंबरा दिसत होता. पानं वाढली. विहीणबाईंनी एक अनारसा मोडला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"अगाई. काय जाळी पडली! कोणाच्या हातचे हो हे?"

बहिणीनं बरोबर सांगितलं होतं, बाईमाणूस विचारल्याशिवाय राहत नाही. ती उंबऱ्यावर आली. आपणहून आली. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला आणि हात पुढे एकावर एक ठेवून उभी राहिली. तिला वाटत होतं आता आपलं नाव निघेल.

मी तोंड उघडलं. विहीणबाई माझ्याकडे पाहत होत्या, त्यांच्या हातात अर्धा अनारसा, शेजारी त्यांचा उरलेला एक मुलगा. त्याच्या तोंडात घास होता. माझ्या डोळ्यांपुढे ती हळदीची वाटी आली. वाटलं, आता सांगितलं तर ही बाई मुलाच्या तोंडात बोट घालून घास काढेल. आणि माझ्या लेकीला उद्यापासून काय काय ऐकावं लागेल. हे सगळं तेवढ्या वेळात माझ्या मनात आलं असं आज लिहितो आहे. तेव्हा विचार केला की नुसता भ्यालो, देव जाणे.

मी बहिणीकडे पाहिलं आणि म्हटलं, "सुनेच्या."

सुनेनं मान खाली घातली. लेक चावायची थांबली. तिला पहिल्या घासालाच कळलं असणार, पाच दिवाळ्या तिनं तेच अनारसे खाल्ले आहेत. पण तिलाही त्याच घरी परत जायचं होतं. ती पाणी प्याली.

"सून मोठी गुणाची हाय बाई," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी आपल्या पिशवीतून नवी साडी काढून सुनेच्या ओटीत घातली. लेकीच्या सासूकडून ही साडी यायची काही रीत नव्हती, त्यांना खरंच आनंद झाला होता. सून ती साडी घेऊन अशी बसली होती जणू कोणी तिच्या मांडीवर निखारा ठेवला आहे.

बहीण आत गेली. मला वाटलं आता बाहेर येत नाही. पण आली, वरणाचं भांडं घेऊन. सगळ्यांना वाढलं. जावयाला आग्रह केला, विहीणबाईंना तूप विचारलं. माझ्या पानातलं वरण संपलं तेव्हा मलाही वाढलं.

पाहुणे तीनच्या सुमारास निघाले. जाताना विहीणबाईंनी उरलेले अनारसे डब्यात बांधून घेतले. "एकोडीले दाखवतो," म्हणाल्या. लेकीनं बहिणीचे पाय धरले आणि जरा जास्त वेळ धरून ठेवले. मुलगाही त्यांच्याबरोबरच निघाला, भंडाऱ्याहून त्याला नागपूरची गाडी होती.

मी खाटेवर येऊन टेकलो. थोड्या वेळानं आतून पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला.

"काय करून राहिली?" मी विचारलं.

"पेटी भरून राहिली."

"कुठं?"

"माह्या घरी. दोन खोल्या हायेत मले. सरकारनं देल्या."

"रोवणा चालू हाय. आता कुठं चालली?"

"रोवण्याले बाया भेटतात."

मी म्हटलं, "एका शब्दासाठी?"

ती पेटीची कडी लावून बाहेर आली. माझ्यासमोर उभी राहिली. रडली नव्हती.

"दादा, तू भेला असता तं मले समजलं असतं. माणूस भेते. पण तू बोलतांनी माह्याकडं पाह्यलं. माह्या तोंडाकडं पाहून बोलला. तुले माहीत होतं का मी काही म्हणणार नाही."

"लेकीचं घर हाय ते. तिचा विचार करा लागते."

"लेक माही कोणीच नाही ना?"

"असं कुठं म्हटलं मी?"

"तू काहीच म्हणत नाही. सहा वर्षं झाली, तू काहीच म्हटलं नाही."

सून तिच्या पायाला बिलगली. "आत्या, नोको जाऊ. मी फोन करून सांगतो त्याहिले. साडी परत करतो."

"तू कायले सांगशीन? शब्द तुहा नव्हता." तिनं सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. "पिठात केळ जास्त घालू नोको जो."

पवनीकडे जाणारी गाडी साडेपाचला असते. पेटी सुनेनं उचलली. मी उठलो नाही. मला वाटलं, आठ दिवसांत राग जाईल, मग येईल. मी उठून पेटी हातात घेतली असती तर तिला माझं चुकलं असं दिसलं असतं. आणि तेव्हा मला ते दिसू द्यायचं नव्हतं. सून तासाभरानं एकटी परत आली आणि माझ्याशी न बोलता चूल पेटवायला बसली.

रात्री मी एकच हिशोब करत राहिलो. शब्द होता सगळ्यांसमोर सांगायचा. ते सगळे आता एकोडीला होते. शब्द न पाळता बहिणीच्या दारात जाऊन काय सांगणार होतो मी? आधी एकोडीला जायचं, सांगायचं, आणि मग तिच्याकडे तोंड घेऊन जायचं. मला ते बरोबर वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंधारातच आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि पहिली गाडी पकडली. कोंढ्याहून भंडारा, भंडाऱ्याहून साकोली, साकोलीहून एकोडी. दोन्ही बाजूंच्या बांध्यांत बाया वाकून रोवणा करत होत्या. उतरल्यावर म्हणायचं वाक्य मी सारखं मनात म्हणत होतो, लहानपणी मास्तरांसमोर पाढा म्हणायला जावं तसं.

विहीणबाई अंगणात भांडी घासत होत्या. मला पाहून घाबरल्या. "इवाई? एवढ्या सकाळी? कोणाचं काही बरंवाईट?"

"नाही," मी म्हटलं. उभ्यानंच म्हटलं. "काल खोटं बोललो. अनारसे सुनेनं नाही केले. माह्या बहिणीनं केले."

लेक दारात आली होती. ती तिथंच चौकटीला धरून उभी राहिली.

विहीणबाईंनी हात धुतले. बराच वेळ धुतले. मग आत जाऊन डबा घेऊन आल्या, गोठ्यात गेल्या आणि अनारसे बैलांपुढे टाकले. एकेक करून टाकले. डबा पालथा घालून झटकला नाही, म्हणून मला त्यांचा राग आला नाही. परत आल्या तेव्हा त्या देवाचं नाव पुटपुटत होत्या.

"माहा एक गेला हाय, इवाई. मले भेव वाटते. माहं मन लहान हाय म्हणा."

"नाही म्हणत."

"पण तुमी सांगतलं कायले? खाऊन झालं होतं. पोरगा कामाले बी गेला. मले आता रात्री झोप लागणार नाही. या पोरीकडं मी कोण्या नजरेनं पाहीन, मलेच माहीत नाही."

"बहिणीले शब्द देल्ता. सगळ्यांसमोर सांगीन म्हणून."

"ते कुठं हाय?"

"गेली. काल सांजेलेच. आपल्या घरी."

विहीणबाईंनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मंग तिच्यासमोर सांगाचं होतं ना, इवाई," त्या म्हणाल्या.

लेक पाण्याचा गडू घेऊन आली होती. मी पाणी न पिताच गडू तिच्या हातात परत दिला, चपला घातल्या आणि सडकेकडे चालू लागलो.